बारटक्क्यांचं विरजण

इंदुमती बारटक्के रोज संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप कोमट दुधात विरजायची आणि रोज सकाळी तिचे यजमान घट्ट लागलेले असायचे.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं, उलट चारचौघांत सांगण्यासारखंच होतं. भालचंद्र बारटक्के मागच्या वैशाखात वारले. त्याआधी सगळी नोकरी त्यांनी सांगलीच्या एसटी स्टँडवर उद्घोषक म्हणून केली. आवाज असा, की ते तासगावची गाडी लागली म्हणाले की मिरजेला निघालेला माणूससुद्धा दोन पावलं तासगावकडं टाकायचा. निवृत्त झाल्यावर घरात कॉम्प्युटर आला आणि त्यांनी स्वतःला त्यात भरायला घेतलं. आवाज भरला, फोटो भरले, भावकीतली भांडणं कोण काय बोललं त्यासकट भरली, खोकलासुद्धा भरला. स्वतः जायच्या आधी माणसानं एवढी आवराआवर केलेली इंदुमतीनं दुसरीकडं कुठं पाहिली नव्हती, आणि ती तसं बोलूनही दाखवायची.

ते गेल्यावर कॉम्प्युटर कण्हायला लागला. दुरुस्तीवाला आला, त्यानं कान लावून ऐकलं आणि सांगितलं की बॅकअप घ्या, नाहीतर एक दिवस सगळंच जाईल. बॅकअप म्हणजे काय करायचं, तिनं विचारलं. तो म्हणाला, कालच्यातलं थोडं घ्यायचं, आजच्यात मिळवायचं, उद्यासाठी थोडं बाजूला ठेवायचं, आणि हे एक दिवसही चुकवायचं नाही.

"एवढंच ना?" इंदुमती म्हणाली. "हे मी परकर नेसत होते तेव्हापासून करतेय."

त्याच दिवशी तिनं दूध तापवलं, बोट सोसेल इतपत निववलं आणि कॉम्प्युटरच्या वायरचं टोक त्यात सोडलं. दिवा लुकलुकायचा थांबल्यावर एकदाच ढवळलं, झाकण घातलं आणि भांडं कॉम्प्युटरच्या मागं, त्याच्या उबेला ठेवलं. सकाळी टेबलाशी भालचंद्र पेपर वाचत बसले होते. सुरीनं कापावे असे लागले होते. दुपारपर्यंत चांगले राहायचे. उन्हं कलली की त्यांना पाणी सुटायला लागायचं, मग ते आपण होऊन स्वयंपाकघरात जायचे, आणि इंदुमती चमचाभर काढून ठेवलेलं नव्या दुधात घालायची. उन्हाळ्यात जरा आंबट व्हायचे, पण तेवढे ते आधीही व्हायचेच.

पुढं कॉम्प्युटर कायमचाच बंद पडला. इंदुमतीनं त्यावर भरतकामाचं कापड टाकलं. शेजारच्या बायका हळहळल्या, पण हिला कसली धास्ती? विरजण घरात होतं. माहेराहून आणलेलं दह्याचं विरजणसुद्धा तिनं आजवर मोडू दिलं नव्हतं, मग नवऱ्याचं कशाला मोडू देईल?

वरच्या मजल्यावर सुनीता मगदूम राहायची. तिचाही कॉम्प्युटर गेला आणि त्याच्याबरोबर मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. ती वाटी घेऊन खाली आली आणि दारातच म्हणाली, "इंदूताई, चमचाभर द्या की. आमचं काही लागतंय का बघते."

देताना मधलं, घट्ट द्यायचं आणि कडेचं पातळ आपल्याला ठेवायचं, ही इंदुमतीच्या आईची रीत. पातळ विरजण दारातून गेलं तर घराचं नाव जातं. इंदुमतीनं मधोमध चमचा घातला.

आता विरजण ज्याचं असेल तेच लागणार, हे काय सांगायला पाहिजे? सकाळी मगदुमांच्या टेबलाशी भालचंद्र बारटक्के पेपर वाचत होते. लग्नाचा एक फोटो हाती आला नाही, पण सुनीतानं तक्रार केली नाही. त्यांनी तिला गवार मोडून दिली. मगदुमांना पत्त्यांच्या डावाला गडी मिळाला. दुपारी जिन्यात येऊन ती म्हणाली की तुमचं माणूस लाख आहे. इंदुमतीला त्या रात्री पोटभर झोप लागली.

मग रीघच लागली. कुणाचा कॉम्प्युटर गेला होता, कुणाचा जायला टेकला होता, आणि एकीकडं तर कॉम्प्युटरच नव्हता, तरी ती वाटी घेऊन आली. इंदुमतीनं कुणालाही परत पाठवलं नाही. सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची तेव्हा खालच्या साऱ्या मजल्यांवरून एकच आवाज यायचा. विट्याची गाडी फलाट चारवर, इस्लामपूरची फलाट सहावर, प्रवाशांनी घाई करू नये. सगळी इमारत एका सुरात बोलायची. हातातली ओली साडी तशीच धरून ती ऐकत उभी राहायची. एवढा नवरा कुणाला असतो, असं तिला वाटायचं. बाकीच्यांना घरापुरते असतात.

पण कडेच्यातून कडेचं लागत गेलं. तिच्या टेबलाशी बसणारे भालचंद्र पातळ व्हायला लागले. दुपारचं पाणी सकाळीच सुटायला लागलं. पेपरातली ओळ अर्ध्यावर सोडून ते खिडकीकडं बघत राहायचे. खुर्चीवरून निथळायचे, ती फडक्यानं टिपून घ्यायची. एके दिवशी तिनं चहा पुढं ठेवला तर मान वर करून, अगदी अदबीनं त्यांनी विचारलं, "आपल्याला कुठं जायचंय?"

तिनं कप उचलून मोरीत ठेवला आणि तिथंच, नळ सोडून, थोडं रडली.

सुनीताच्या लक्षात आल्याशिवाय कसं राहील? आमच्याकडं फार घट्ट लागलेत, चमच्याला वाकत नाहीत, तुम्ही थोडं नेता का, असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा चमचा भरूनच खाली घेऊन आली. इंदुमतीनं दार अर्धंच उघडलं.

"आमच्यात विरजण मागून आणायची पद्धत नाही," ती म्हणाली.

"मागताय कुठं? मी देतेय की."

"घ्यायचीही नाही."

त्यानंतर खोतांची सून आली. समोरच्या बिऱ्हाडात नुकतीच राहायला आलेली, हातात हिरवा चुडा, वाटी सासरची नवीकोरी. इंदुमतीनं भांडं तिरपं करून पाहिलं. तळाशी चमचाभरच होतं. सगळ्या बायकांना ठाऊक असतं, की देताना विरजणापुरतं मागं ठेवायचं, आणि संपलं असेल तर संपलं म्हणायचं. पण या दारातून नाही हा शब्द बाहेर गेला नव्हता, आणि तो एका कालच्या मुलीपुढं काढायचा? तिनं भांडं बोटानं पुसून घेतलं आणि होतं तेवढं सगळं तिच्या वाटीत घातलं. वर म्हणाली, लागेल तेव्हा ये गं.

दुसऱ्या दिवशी दूध दूधच राहिलं.

खुर्ची रिकामी होती. वरून विट्याची गाडी लागल्याचं ऐकू आलं, खालून इस्लामपूरची, समोरून दोन्ही. भिंती ऐकण्यासाठी जवळ सरकल्या होत्या. दुपारी टेबल आणि ओटा यांच्यामधून ती आडवी होऊन गेली. पुढं दोनचार दिवसांत खोली एवढी आखडली की खुर्चीवर बसल्या बसल्या तिला चारी भिंतींना हात लावता येऊ लागला, आणि चारी भिंतींतून भालचंद्र खोकत होते. भिंतींच्या अलीकडं, तिच्या बाजूला मात्र कुणी नव्हतं. आपण संपूर्ण सांगलीला पुरेल एवढा नवरा वाटून टाकला आणि आपल्यापुरता ठेवला नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. फार जीव जळला. तरी पदर नीट घेतला, वेणी घातली, किल्ली कमरेला खोवली आणि घराला कुलूप लावून ती वर निघाली.

मगदुमांचं दार भालचंद्रांनीच उघडलं. अंगानं भरले होते, गालावर तजेला होता, लग्नात होता तसा. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि ती कोण असेल याचा अंदाज घेत थांबले. ओळख द्यावी, हाताला धरून खाली न्यावं, असं तिला आतून उसळून आलं. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून हा माझा म्हणायचं, तेही वाटून टाकलेल्या माणसाला? ते तिच्याच्यानं होईना. त्याहून एकच गोष्ट सोपी होती, आणि तीसुद्धा तिनं जन्मात केली नव्हती.

"विरजण हवंय," ती म्हणाली. "चमचाभर."

"भांडं?"

भांडं तिनं आणलंच नव्हतं. कधी मागायला गेली असती तर सुचलं असतं. तिनं उजवा तळहात पुढं केला. ते आत गेले, आणि परत येऊन त्यांनी तिच्या हातावर मधलं, घट्ट, चमचा उंच भरून घातलं. हात आखडता घेतला नाही. हे वळण आपल्याच घरचं, हे ओळखून तिची मान ताठ झाली.

जिना उतरताना तळहात गरम होता, जरा जास्तच. वळणावर त्याला वजन आलं. ती दुसरा हात खाली धरून चालली. स्वतःच्या दारापर्यंत पोहोचली तेव्हा ओंजळीत पांढऱ्या केसांचा भांग दिसायला लागला होता, आणि त्याखाली कपाळ जमत होतं. किल्ली कमरेला होती आणि हात मोकळा नव्हता.

समोरचं दार उघडून खोतांची सून बाहेर आली. ओंजळीकडं बघून ती दचकली नाही. कमरेची किल्ली काढून कुलूप उघडून देते म्हणाली आणि एक पाऊल पुढं आली.

"धक्का लावू नकोस," इंदुमती म्हणाली. दारापाशी कोपर टेकायलाही जागा नव्हती, पण ती ताठ उभी होती. "अजून लागायचेत हे."