जाळावरचा माणूस

"उतरवू का?" भट्टीवरून कल्याणप्पानं विचारलं.

"थांबा. आजून बोलायलंय."

"अरे, घट्ट झालाय की!"

"वरनं दिसतंय तुमाला घट्ट. बुडाला पाणी हाय. आयका की जरा."

कल्याणप्पानं ऐकल्यासारखं केलं. त्याला काही ऐकू आलं नाही. पंधरा वर्षांत कधीच आलं नव्हतं. तो कढईत लांब दांड्याचं उलथनं फिरवत राहिला. भिंतीपलीकडच्या खड्ड्यात श्रीपतीनं बाभळीचं एक लाकूड अर्ध्यावर बाहेर ओढलं, तुरीच्या वाळक्या काड्या, मूठभर तुराट्या, आत सारल्या आणि मान तिरकी करून बसला.

"हां. आता उतरवा!"

कढई उतरली. खवा पांढरा, रवाळ, कुठं डाग नाही.

भट्टी उंचवट्यावर होती. कढई वर, जाळ खाली, मध्ये छातीएवढी भिंत. वरच्या माणसाला धग लागू नये म्हणून भिंत बांधली, असं गावात सांगत. धग भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेवढीच होती. कढईत दूध होतं आणि श्रीपती बौद्ध होता, म्हणून भिंत होती. छप्पन साली त्याच्या बापानं धर्म सोडला. गावानं काहीच सोडलं नव्हतं.

मुंबईहून आलेले जाहिरातवाले गुप्ते खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून हे तीन दिवस बघत होते. त्यांनी दूध संघाचे चेअरमन आण्णासाहेब यांना विचारलं, "हा खालून बोलतो तो कोण?"

"तो? तो जाळावरचा माणूस."

संघाला आता खवा डब्यात भरून पुण्या-मुंबईत विकायचा होता. आण्णासाहेबांच्या आईच्या नावानं, गिरजा खवा. प्रत्येक डब्याबरोबर एक छोटं पुस्तक द्यायचं, त्यात खवा करणाऱ्या जाणकाराची गोष्ट. ही अक्कल गुप्त्यांची. "नुसत्या जाहिरातीवर आता कुणाचा विश्वास नाही, आण्णासाहेब. लोकांना माणूस हवा. खरा माणूस, त्याची स्वतःची गोष्ट." तालुक्याला वाफेवरचा नवा कारखाना उभा राहत होता. तो सुरू झाला की गावोगावच्या भट्ट्या बंद. दुकानदार कारखाना बघायला येतील तेव्हा पुस्तकातला माणूस तिथं उभा दिसला पाहिजे, अशी गुप्त्यांची अट होती. आण्णासाहेबांनी चारचौघांत सांगून टाकलं, "ज्याची गोष्ट पुस्तकात, तो संघात कायम."

बाकीच्यांनी काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्र्याऐंशी साल होतं. पावसानं दगा दिला होता, म्हशी छावणीत बांधल्या होत्या आणि माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती.

गुप्ते खड्ड्यात उतरले. बुटाला राख लागली तरी त्यांनी तक्रार केली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"तुम्हाला कसं कळतं हो, कधी उतरवायचं ते? इथून कढई तर दिसत नाही."

"दिसायचं काय त्यात? दूधच सांगतंय की. आदी सूं करतंय, लांबून वावटळ आल्यावानी. फेस बसला की बुडबुड. मग फदफद, चिखलातनं म्हस चालल्यावानी. ती फदफद मंद व्हती. दोन फदफदीच्या मदी बायकूला हाक मारता येईल येवढं अंतर पडलं, की लाकूड काढायचं. फुडचं काम इंगळाचं. त्याच्याबी फुडं गेलं तर चर्र म्हणतं. चर्र आयकू आलं की समजायचं, मेलं."

गुप्त्यांनी टेप चालू आहे ना, ते दोनदा बघितलं. "आणि लाकूड कुठलं वापरता?"

"बाभूळ. बाभूळ शानी, एका जागी बसून काम करती. जरा रेटा द्यायचा असला तर तुराटी. तुराटी म्हंजी पुढारी. भडकन पेटती, भाषण करती आन् गप."

गुप्ते खदखदून हसले.

"यंदा म्हशी उसाचं वाढं खायल्यात. दूध पातळ. फदफद उशिरा येती. वरच्याला वाटतं झालं. झालेलं नसतंय." श्रीपतीनं हात पुसले. "साहेब, माझं नाव घालनार का त्या पुस्तकात?"

"म्हणजे काय! गोष्ट तुमची, नाव तुमचंच. पूर्ण नाव सांगा."

"श्रीपती पिराजी बनसोडे." ते त्यानं टेपच्या फार जवळ तोंड नेऊन, शाळेत हजेरी द्यावी तसं मोठ्यानं सांगितलं. शाळेत तो एकच वर्ष गेला होता.

संध्याकाळी मुक्ताबाई खडीवरून आली. बायको असली तरी नवऱ्याचं कौतुक करायची तिला सवय नव्हती.

"हरेक डब्यात पुस्तक," श्रीपती म्हणाला. "हरेक पुस्तकात माझं नाव."

"आन् डबा उघडून खाणार कोण?"

"पुण्या-मुंबईत कोण जात इचारतंय?"

"तितं न्हाय इचारत. पर पुस्तक हितनं लिहून जाणार हाय न्हवं?" तिनं बोटांवरच्या चिंध्या सोडल्या. खडीनं बोटं फुटली होती. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "कायम झालाव, तर माझी खडी सुटंल का वो?"

"सुटंल की. पैल्या दिशी सुटंल."

तेव्हापासून श्रीपती एका जागी बसेना. दुपारी भट्टी थंड झाली की तो फाट्यावर जायचा. येडशीकडून येणाऱ्या एसटीच्या टपावर संघाचं पुस्तकांचं पार्सल दिसतंय का बघायचा. कंडक्टर म्हणायचा, "काय बनसोडे, सासुरवाडीचं कोण यायचंय का?" श्रीपती हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. वाफेची कढईसुद्धा बोलतच असणार, तिची बोली शिकायला आपल्याला आठ दिवस लागतील की पंधरा, याचा तो रस्ताभर हिशेब करायचा. महिनाभर हेच.

पुस्तक आलं. वर कल्याणप्पाचा फोटो. कोरी टोपी, हातात उलथनं.

श्रीपती पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकला होता. सावकाश वाचायचा, पण सोडायचा नाही. भट्टीच्या तोंडाशी बसून त्यानं सगळं पुस्तक वाचलं. वावटळ होती. म्हैस होती, चिखल होता. बायकोला हाक होती. शानी बाभूळ होती. पुढाऱ्याचं तेवढं गाळलं होतं. आणि हे सगळं सांगत होते 'भट्टीवर आयुष्य घालवलेले श्री. कल्याणप्पा.'

ज्वारीचं पोतं चोरलं तर फौजदार लिहून घेतो. हे कुठं लिहायचं?

तो पुस्तक घेऊन भिंतीपाशी गेला. "आप्पा, हे तुमी कवा बोललाव?"

कल्याणप्पा उलथन्याची दांडी पुसत राहिला. "श्रीपा, मला विचारून नाही छापलं रे."

"फोटूला तर उभं राहिलाव."

"उभा राहा म्हणले, राहिलो. आण्णासाहेब म्हणले, त्याचं नाव आलं तर डबे वापस येतील." मग त्याचा आवाज चढला. "मला दोन पोरी उजवायच्यात! भट्टी गेल्यावर मी कुठं जाऊ? माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

"म्या म्हणलो असतो, पलीकडं अजून एक माणूस हाय, त्यालाबी फोटूत घ्या. येवढंच."

कल्याणप्पा पुन्हा दांडी पुसू लागला. तो वाईट माणूस नव्हता. असली कामं वाईट माणसांवाचूनच होतात.

गिरजा खव्याचा पहिला डबा जुन्या भट्टीवरच फोडायचा ठरला. येडशी स्टेशनावरून संघाच्या जीपनं पुण्याचे, बार्शीचे, सोलापूरचे मिठाईवाले आणले. मंडप, खुर्च्या, हार. कल्याणप्पानं सगळ्यांसमोर खवा करून दाखवायचा. आण्णासाहेब सकाळीच श्रीपतीला म्हणाले, "आज आवाज द्यायचा नाही. वेळ झाली की लाकडानं भिंतीवर एकदा ठोक. आप्पाला कळंल."

"आन् मला काय कळायचं, आण्णासाहेब? माझं कामाचं?"

"नंतर बघू ते."

दूध चढलं. पाहुणे पुस्तकं उलटत बसले. सोलापूरचा वीरप्पा शेठ हा स्वतः कढईपुढं वाढलेला माणूस. तो भट्टीवर आला, पुस्तकात बोट घालून कल्याणप्पाला म्हणाला, "काय हो, हे तुम्ही फार छान सांगितलंय. हाक मारण्याएवढं अंतर. आता पडलं का ते? मला तर सगळं सारखंच ऐकू येतंय."

कल्याणप्पानं भिंतीकडं बघितलं.

"सांगा की! मारा बायकोला हाक!" मंडपातून कोणी ओरडलं. लोक हसले.

भिंतीवर ठोका पडला नाही.

"आजून न्हाय पडलं," आवाज आला. श्रीपती पायऱ्या चढून वर येत होता. पाच पायऱ्या. कढईत दूध असताना तो त्या कधी चढला नव्हता. "फदफद चालू हाय. थोडा टाइम हाय आजून."

"श्रीपती! खाली हो!" आण्णासाहेब खुर्चीतून उठले.

"जातो की. शेठनी इचारलंय तेवढं सांगून जातो." तो वीरप्पा शेठकडं वळला. "शेठ, त्या पुस्तकातली म्हस माझी हाय. चिखल माझा. हाकबी माझ्याच बायकूला मारल्याली हाय. पंधरा वर्षं जाळ म्या घालतो. नाव श्रीपती पिराजी बनसोडे. बौद्धवाड्यात राहतो."

गुप्ते घाईनं पुढं आले. "अरे, हे काय करतोस तू? तुझी गोष्ट शब्द न बदलता छापली की आम्ही!" खड्ड्यात उतरले होते तेव्हा ते 'तुम्ही' म्हणत होते.

"दोन बदललाव, साहेब. पुढारी गाळला, आन् नाव."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"खोटं बोलायलाय तो," आण्णासाहेब म्हणाले. "आप्पा, सांग ह्यांना."

कल्याणप्पाचा हात थांबला. उलथनं कढईच्या काठाला टेकलं. "खरं हाय ते," तो म्हणाला. "मला कधीच ऐकू आलं नाही. ह्योच सांगतो मला."

वीरप्पा शेठनं पुस्तक मिटलं. एकदा श्रीपतीकडं बघितलं, एकदा कढईकडं. त्याला बोलायचं होतं असं वाटलं. पण आण्णासाहेब म्हणाले, "चला मंडळी, मंडपात चहा झालाय. ऊन फार आहे," आणि शेठही चहाला गेला. चांदीचा वर्ख आणि रिकाम्या बशा टेबलावर तशाच राहिल्या.

कढई दोघांनी मिळून उतरवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा एक कान कल्याणप्पाच्या हातात होता आणि दुसरा श्रीपतीच्या.

तासाभरानं संघाचा कारकून आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "दोघंबी उद्यापासनं येऊ नका. आणि हे फेकून द्या म्हणलेत." त्यानं कढईकडं बोट केलं, बघितलं मात्र नाही. आठ किलो खवा होता.

कल्याणप्पा थोडा वेळ ओट्यावर बसला. मग टोपी झटकली आणि घरी गेला. जाताना त्यानंही चिमूटभर खवा तोंडात घातला नाही.

श्रीपतीनं फेकला नाही. दिवस कलल्यावर हमीवरच्या बायका त्या रस्त्यानं परत फिरल्या, तेव्हा तो कढईशेजारी बसला होता. त्यांच्या दगडाच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या हातांवर त्यानं एकेक मूठ खवा ठेवला. कोणी पदरात बांधला, कोणी उभ्याउभ्या खाल्ला. एक म्हातारी म्हणाली, "कशाचं रं हे, श्रीपती? पोरगं झालं का तुला?" आणि सगळ्या हसल्या.

मुक्ताबाई शेवटी आली. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. बोटांच्या चिंध्या सोडल्या, खवा जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले.

"जरा करपलाय," ती म्हणाली.

"व्हय," श्रीपती म्हणाला. "म्या वर हुतो. खाली जाळाला कुणीच नव्हतं."