मुळांखालची बशी

थोरलीच्या मनात धाकट्या जावेबद्दल राग नव्हता असं कुणी म्हणालं, तर तो माणूस खोटारडा. तळपायाची आग मस्तकात गेली होती. फक्त ती चेहऱ्यावर दिसू न देण्याची कला तिला एकत्र कुटुंबानं शिकवली होती.

कारणही तसंच होतं. बी रुजवून अठरा वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं तिचं अडेनियम, बुंधा भोपळ्याएवढा. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं ते आता वेगळं बिऱ्हाड केलेल्या धाकटीकडे सोपवलं. महिन्याभरानं धाकटी डोळे पुसत म्हणाली, "ताई, कुजलं हो. फेकावं लागलं." आणि आज झाडांच्या प्रदर्शनात तेच अडेनियम फांद्या छाटून, निळ्या कुंडीत, पहिल्या नंबरची फीत मिरवत बसलं होतं. शेजारी धाकटी, आणि खुर्चीत कौतुकानं फुललेल्या सासूबाई.

"हे तू वाढवलंस?" थोरलीनं परीक्षकांसमोर गोड आवाजात विचारलं.

"मग! अगदी बीपासून."

"तर मग याच्या मुळांखाली काय आहे, सांग बघू."

धाकटी कुंडीत डोकावून पाहू लागली. कुंडी बदलताना तिनं मातीचा गड्डा जसाच्या तसा उचलून ठेवला होता. हात मळवायचा तिला भारी कंटाळा.

"बशी आहे," थोरली परीक्षकांना म्हणाली. "बुंधा आडवा फुगावा म्हणून रोपाखाली काहीतरी सपाट ठेवतात. मी सोनेरी काठाची बशी ठेवली. बघा काढून."

परीक्षकांनी माती झाडली. मुळं बशीवर पसरून, काठावरून वळून, खाली एकमेकांत घट्ट गुंतली होती. मधूनच सोनेरी काठ दिसत होता. फीत तिथल्या तिथे निघाली. थोरलीचं काळीज थंड झालं.

"अगं, ही तर माझ्या कपबशांच्या सेटमधली!" सासूबाई ताडकन उठल्या.

हरवलेली सहावी बशी. नव्या नवरीनं फोडून लपवली असणार, म्हणून तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या धाकटीनं वर्षानुवर्षं सासूबाईंचे टोमणे खाल्ले होते आणि थोरली मूग गिळून बसली होती.

"हो आई, मीच घेतली होती," थोरली म्हणाली. हे कबूल करायचं, हे तिनं बशीचं नाव काढण्याआधीच ठरवलं होतं.

"माझी बशी मला दे. आत्ता. आणि अख्खी."

थोरलीनं मुळांकडे पाहिलं. बशी अख्खी काढायची तर मुळं कापावी लागणार. हे मात्र तिनं ठरवलं नव्हतं.

धाकटीनं टेबलावरची छाटणीची कात्री उचलून तिच्यापुढे धरली.

"घ्या ताई. धार चांगली आहे. तुमच्याच झाडावर चालवून पाहिलीय."