फुगा दाबणारा हात

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. पाऱ्याचा. हल्लीची ती गोंडस यंत्रं बटण दाबलं की स्वतःच फुगतात, आकडा दाखवतात आणि वर वाजूनही दाखवतात. माझं तसं नाही. मला दंड पुढे करणारा एक माणूस लागतो आणि रबरी फुगा दाबणारा दुसरा. पारा विषारी, म्हणून आता आमची जात मागे पडली. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते फुगा दाबणाऱ्या एका हाताचं.

माझा जन्म लहानशा कारखान्यातला. एका बाईने श्वास रोखून माझ्या काचेच्या नळीत पारा भरला आणि आकड्यांची पट्टी सरळ बसली आहे ना, ते डोळे बारीक करून पाहिलं. तिथून मी एका डॉक्टरांच्या टेबलावर आलो. "याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं ते रोग्यांना सांगत. मला अंग नाही, तरी अंगावर मूठभर मांस चढायचं.

कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक त्यांच्याकडे येई. लालबुंद चेहरा, रुंद मान, हसला की खोली दणाणायची. मी त्याला दरवेळी वाईट बातमी देई आणि तो ती हसण्यावारी नेई. "आमचं घराणंच गरम रक्ताचं!" गोळ्या चार दिवस घ्यायच्या आणि बरं वाटलं की बंद करायच्या, हा त्याचा खाक्या. एके दिवशी भट्टीतून पाव काढता काढता तो कोसळला तो उठलाच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती.

डॉक्टर तेव्हा दवाखाना बंद करायच्या बेतात होते. त्यांनी बेकरीवाल्याच्या मुलाला आणि मुलीला बोलावलं आणि मला त्यांच्या हवाली केलं.

"आईबापांकडून नुसते नाकडोळे येत नाहीत," ते म्हणाले. "रक्तदाब वाढण्याचा कलही येतो. येतोच असं नाही, पण येऊ शकतो. मीठ, वजन, अपुरी झोप, तंबाखू यांनी त्यात भर पडते. चालण्याने, बेताने खाण्याने तो आटोक्यात राहतो. पण आहे की नाही, हे तोंड बघून कळत नाही. मोजावं लागतं. दोघांनीही."

ते 'दोघांनीही' म्हणाले होते. मी समोरच होतो.

पण त्या घरात निकाल आधीच लागला होता. मुलगा, म्हणजे दादा, बापाचाच साचा. तोच लाल चेहरा, तीच मान. धाकटी बहीण बारीक चणीची, निमुळत्या हनुवटीची. बापाने लाडाने तिचं नाव काडी पाडलं होतं आणि लग्न होऊनही ती माहेरच्या बेकरीतच राहिली, मुलगी झाली तरी ते नाव सुटलं नाही. तिची आई, घरातली आजी, मान ताठ ठेवून चालायची, कधी दवाखान्याची पायरी चढायची नाही. ती म्हणायची, "दादाला जपा. काडीची काळजी नको, ती माझ्यावर गेलीय." नाक आईचं, हनुवटी आईची, मग आतल्या रक्तवाहिन्याही आईच्याच, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

काडीचे कान तिखट, हात हलका. डॉक्टरांनी तिलाच शिकवलं. बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी ती पिठाच्या टेबलावर मला मांडायची. दादाला आधी गप्प बसवायची, मग पट्टा बांधून, कानाला नळ्या लावून फुगा दाबायची. हवा सोडताना पारा उतरू लागला की तिचा श्वास अडकायचा.

"पुन्हा खारी बिस्किटं खाल्लीस?"

"चव बघावी लागते, बाई. गिऱ्हाइकांना काय आळणी घालू?"

"चव बघायला अख्खी परात लागते?"

"तू बहीण आहेस की जेलर?"

जेलरच होती. तिने त्याचं मीठ कमी केलं, पाव पोचवायला गाडीऐवजी पायी पिटाळलं, गोळी समोर उभं राहून गिळायला लावली. दादाचा आकडा हळूहळू उतरला. तेव्हा काडी असा चेहरा करायची, जणू तिनेच भट्टी थंड केली.

आणि स्वतः? पहाटेचं पीठ मळायला ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर आडवी व्हायची. दमायची, पण दमायला काय कारण लागतं? चालणं भरपूर, खाणं चिमणीएवढं. तिचीच बोटं माझ्या फुग्यावर असायची, मित्रांनो, पण बोटांवरून मला काही कळत नाही. मला दंड लागतो.

एकदा दादा म्हणाला, "आज तुझा बघू."

"तुला कुठे ऐकता येतं?"

"शिकव की."

"पुढच्या वेळी. आणि मला काय धाड भरलीय? मी आईवर गेलेय."

ती पुढची वेळ आलीच नाही. मी मुका. माझ्यात नुसता पारा हेलकावत राहिला.

भर दुपारी, गल्ल्यापाशी पाव बांधून देताना तिच्या हातातला दोरा सुटला. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अहो, काय होतंय?" काडीला उत्तर द्यायचं होतं, पण शब्द वाकडे आले. चेहऱ्याची एक बाजू ओघळली होती. दादा भट्टीपासून धावत आला.

इस्पितळातून परतल्यावर तो आजीला सांगत होता, ते मी ऐकलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं होतं, "यांचं बीपी नेहमी किती असायचं?" दादाला स्वतःचे कधीचे कधीचे आकडे तोंडपाठ होते. बहिणीचा एकही ठाऊक नव्हता. "बरीच वर्षं वाढलेलं असणार," बाई म्हणाल्या. काडी पुन्हा घरी आलीच नाही.

दादाने मला माळ्यावर टाकलं. त्याला मी डोळ्यांसमोर नको होतो आणि मी त्याला दोष देत नाही. धुळीत माझा फुगा तडकला, पट्टा कुजट वास मारू लागला.

मग एका सकाळी खालून आजीचा आवाज आला. काडीच्या मुलीची वेणी घालता घालता ती म्हणत होती, "पोरगी बापावर गेलीय. सुटली बिचारी."

मळायला घेतलेलं पीठ तसंच टाकून दादा उठला. शिडी लावून त्याने मला खाली काढलं. माझा फुगा बदलून आणला, आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे चार-पाच खेपा घालून ऐकायला शिकला. त्याच टेबलावर भाचीचा दंड बांधला. एकदा मोजून खात्री पटेना, म्हणून त्याने पुन्हा मोजलं.

"मामा, किती?"

"थोडा जास्त आहे."

"म्हणजे मलाही..."

"म्हणजे आजच कळलं, बाळा. आता आपण डॉक्टरकडे जाऊ. वेळ आहे आपल्याकडे."

मग तो आजीकडे वळला. "आई, तूही ये."

"मला काय झालंय? मी ठणठणीत."

"ये."

तिच्या त्या बारीक, निमुळत्या दंडावर पट्टा बसला. पारा वर गेला आणि उतरताना फार वरच ठोके देऊ लागला. दादाने कानातल्या नळ्या काढल्या. ठोके सुरू झाले त्या आकड्यावर त्याने बोट ठेवलं. वयामुळे वाढला असेल, किंवा तरुणपणापासूनच असेल, मला सांगता येत नाही. मी फक्त त्या घडीचा आकडा सांगतो. पण आजीने पट्टीकडे पाहिलं आणि तिची ताठ मान खाली आली.

"माझ्यावरच गेली होती रे," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली.

मित्रांनो, घरात कोण कुणावर गेलंय याच्या गप्पा खुशाल मारा. पण मोजताना कुणाला वगळू नका. जाडा असो की काडी, म्हातारं असो की तरणं. आणि जो सगळ्यांची काळजी वाहतो, त्याचा दंड आधी बांधा, कारण तो आपणहून कधीच पुढे करणार नाही. माझ्या नळीवर आजवर किती माणसांचे आकडे उमटले. काडीचा तेवढा कधीच उमटला नाही.