मास्तरांचं कॅल्शियम

शाळेत मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला कोणी काही शिकवलेलं खपत नाही. माझा हा दोष बायकोने, हन्नाने, लग्नाच्या आठवड्यातच ओळखला होता.

बाहत्तर साली श्रीरामपूरच्या दवाखान्यात माझं ब्लड प्रेशर दोनशे दहा भरलं. माझे थोरले बंधू यशया याच दुखण्याने अंग लुळं पडून गेले होते. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी भांडतो. तिथल्या लिडिया सिस्टर दर खेपेला "तंबाखू सोडा" म्हणत, आणि मी दर खेपेला वाद घालून, बाहेर पायरीवर बसून मुद्दाम तंबाखू मळत असे.

मग पुण्याहून नवे डॉक्टर आले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, "रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून कॅल्शियम आत शिरलं की वाहिनी आवळते आणि दाब वाढतो. ती दारं बंद करणारी औषधं परदेशात शोधतायत. तोवर या गोळ्या घ्या."

"कॅल्शियम म्हणजे चुना!" मी ओरडलो. "तीस वर्षं तंबाखूत मळून खातोय!"

डॉक्टर काही बोलणार, तोच सिस्टर मध्ये पडल्या. "व्हय मास्तर, आजपासनं चुना बंद."

चुन्याची डबी तिथेच टाकली. बिनचुन्याची तंबाखू तोंडात धरवेना, आठवड्यात तीही सुटली. गोळ्या नेमाने घेतल्या. चार महिन्यांनी पारा दीडशेवर आला. मी सातवीच्या मुलांना चुन्याचे दुष्परिणाम वहीत लिहून दिले आणि तेही सिस्टरांना ऐटीत सांगितलं.

त्यांना राहवेना. "मास्तर, ते खोडायला लावा. चुन्याचा काय बी दोष न्हाई. मला तुमची तंबाखू सोडवायची हुती. सरळ सांगून तुमी ऐकलं असतं?"

मी संतापलो. ओरडायला तोंड उघडलं आणि जाणवलं, रागावल्यावर कानशिलं ठणकायची ती आज गप्प होती. डोकं शांत होतं. मी जिवंत होतो, धडधाकट होतो. "सिस्टर, तुमचे फार उपकार झाले," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "माझं चुकलं." हे वाक्य मुलांनी माझ्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. भीतीने कोणी हसलंही नाही.

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग गुरुजी, तुमी बरं कशानं झालात?"

"माझ्याहून शहाण्या बाईमुळे," मी म्हणालो.