चुकांची यादी

बाईंचा घसा बसला तो बसलाच. एकवीस वर्षं पाचवीला गणित शिकवताना, साठ-साठ मुलींच्या गलक्यावर आवाज चढवून स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "वर्गात शिकवणं आता विसरा." बाईंनी राजीनामा दिला आणि महिनाभर घरात कुणाशी धड बोलल्याही नाहीत.

मग धाकट्या बहिणीने एक जाहिरात पुढे केली. एक कंपनी शाळकरी मुलांसाठी गणिताचं ॲप बनवत होती, त्यांना अनुभवी शिक्षक हवा होता. "तिथे ओरडायचं नाही, ताई. नुसतं लिहायचं."

तिथे खरंच कुणी बोलत नव्हतं. चौथ्या मजल्यावरची लांबलचक खोली, कानाला हेडफोन लावून संगणकाच्या पडद्यांत डोकं खुपसलेली वीस माणसं. घंटा नाही, गोंगाट नाही. सुरुवातीला पावणेअकरा वाजले की बाई उगाचच उठून उभ्या राहायच्या. ती मधल्या सुट्टीची वेळ.

शेजारची प्रोग्रॅमर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने अपूर्णांकांचा धडा दाखवला. पडद्यावर गणित आलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन.

"कुणी दोन छेद पाच लिहिलं तर?" बाईंनी विचारलं.

"लाल फुली येते."

"आणि एक छेद सहा लिहिलं तर?"

"लाल फुलीच. चूक ती चूक ना, मॅडम?"

"नाही गं. पहिलीने वरचे आकडे वेगळे मिळवले, खालचे वेगळे. दुसरीने बेरजेच्या जागी गुणाकार केला. दोघी वेगवेगळ्या वळणांवर चुकल्या. एकच फुली दाखवून त्यांना घरी कसं पोचवणार?"

प्रोग्रॅमरने हेडफोन काढून ठेवले. "अशा किती चुका असतात?"

"लिहून देते."

बाई लिहायला बसल्या आणि प्रत्येक चुकीबरोबर एकेक चेहरा समोर येऊन उभा राहिला. खोडून खोडून कागद फाडणारी. उत्तर बरोबर असूनही वही हाताने झाकणारी. आठ मोठा, म्हणून एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा, असं ठासून सांगणारी शेवटच्या बाकावरची बडबडी. बाईंनी तिच्याच वेणीची रिबीन सोडून आधी चार, मग आठ सारख्या घड्या घालून दाखवल्या होत्या. ती कपाळावर हात मारून म्हणाली होती, "बाई, आम्ही चौघी बहिणी एका पांघरुणात झोपतो. मला आधीच कळायला हवं होतं!" सगळा वर्ग खो खो हसला होता. बाई आताही एकट्याच हसल्या, आणि पडदा धूसर झाला म्हणून चष्मा पुसायला लागल्या.

यादी त्रेचाळीस चुकांची झाली. ती वाचता वाचता प्रोग्रॅमर मध्येच थांबली.

"मॅडम, ही एकोणिसावी आहे ना, ती मी. मला वाटायचं, मी ढ आहे."

"'कसं केलंस ते सांग' असं विचारलं नाही तुला कुणी?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याच दुपारी लाल फुली गेली आणि तिच्या जागी ते वाक्य आलं. प्रत्येक चुकीला वेगळी मदत जोडायची म्हटल्यावर कंपनीच्या साहेबांनी थोडी कुरकुर केली, पण दोन आठवडे वाढवून दिले.

चाचणीसाठी दोघी एका शाळेत गेल्या. बाई मागच्या बाकावर बसल्या. पुढच्या मुलीने दोन छेद पाच लिहिलं. पडद्याने विचारलं. ती थबकली, बोटाने चित्र काढलं, उत्तर सुधारलं आणि पुढे गेली. मान वर करून तिने कुणाकडेच पाहिलं नाही.

वर्गात याच क्षणी मुलगी बाईंकडे बघायची. त्या एका नजरेवर बाईंनी एकवीस वर्षं काढली होती.

"छान चाललंय की!" प्रोग्रॅमर कुजबुजली.

"छानच चाललंय," बाई म्हणाल्या. त्यांना उठून बाहेर जावंसं वाटलं.

तास संपल्यावर वर्गाची तरुण शिक्षिका त्या मुलीची उत्तरं पडद्यावर बघून जवळ आली. "मला वाटायचं, ही लक्षच देत नाही. आज पहिल्यांदा कळलं, ती कुठे अडते ते. बाकीच्यांचंही असंच असेल का हो?" तिच्या हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता.

बाईंनी शेजारची जागा रिकामी केली. "बस. आधी जिची काळजी वाटते, तिची वही काढ."

शिक्षिकेने गठ्ठ्याच्या तळातून एक चुरगळलेली वही ओढून काढली आणि दोघी तिच्यावर वाकल्या.