गुरुजींच्या घरी ठेवलेली पोर

मुंबईचे चाकरमानी गणपतीला गाड्या भरभरून कापडे गावात उतरले, पण तासाभराच्या वाटेवर महाडात असलेली अक्षदा काही आली नाही. गौरीही येऊन गेल्या.

"परीक्षा हाय म्हणं तिची," ललिता म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासत राहिली.

गणपतीत कसली परीक्षा? तुळसाला ते पटलं नाही. ललिता तिची चुलतसून. तिच्या तेरा वर्षांच्या पोरीला, अक्षदाला, महाडात ठेवा म्हणून मागे लागली होती ती तुळसाच.

साठ वर्षांपूर्वी तुळसा स्वतः महाडात गुरुजींच्या घरी राहिली होती. केर काढायचा, पाणी भरायचं आणि शाळेत जायचं. गुरुजींच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकू तिच्या केसांना खोबरेल चोपडून वेण्या घालायच्या, पहिली भाकरी तिच्या ताटात टाकायच्या. त्या घराचा विषय निघाला की तुळसा अजून तासभर सांगत बसायची. म्हणून गुरुजींची नातसून दीप्ती गेल्या वर्षी म्हणाली, "एखादी मुलगी द्या, मी शिकवीन," तेव्हा तुळसाला दुसरं काही विचारावंसं वाटलंच नाही.

शिमग्यात पोरीचा फोन आला होता. "आजी, मला ने गो." तुळसा हसली होती. "मी पन पहिलं वरीस रडलेली. कळ काढ."

हळदीच्या पानातल्या पातोळ्या डब्यात घालून ती सकाळच्या एसटीनं निघाली. पोलादपूरला गाडी बदलली, महाडात उतरली, दीप्तीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चढली.

"अगंबाई, तुळसाआजी! फोन तरी करायचात," दीप्ती म्हणाली. "अक्षदा क्लासला गेलीय."

"मंग आत भांडी कोन वाजवतंय?"

दीप्ती हसली. "आली वाटतं."

पोर चहा घेऊन आली. तुळसानं आधी ओळखलंच नाही. केस पोरासारखे कापलेले, बोटांची पेरं साबणानं फुटलेली. कप ठेवून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तुळसानं डबा उघडून पातोळी पुढं केली. अक्षदानं पातोळीकडे पाहिलं, मग दीप्तीकडे.

"खाऊ का, मॅडम?"

तुळसाचा हात तसाच हवेत राहिला. समोरच्या भिंतीवर काकूंचा फोटो होता, त्याला ताजा हार.

"शाळेत जातेस ना गो?"

"तिचं लक्षच लागेना," दीप्तीनं उत्तर दिलं. "जूनमध्ये नाव काढलं. घरीच बघते मी तिचं."

तुळसा उठली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. मागच्या गॅलरीत कपड्यांच्या मशीनशेजारी एक गोणपाट अंथरलेलं होतं, त्यावर पोरीचा फ्रॉक घडी करून उशाला ठेवलेला. गॅलरीच्या दाराला घराच्या बाजूनं कडी होती आणि कडीत कुलूप अडकवलेलं. रात्री कोणाला कोंडायला, हे विचारायची गरज नव्हती.

"चल गो," ती अक्षदाला म्हणाली.

तोवर दीप्तीनं बाहेरच्या दाराला कुलूप घालून किल्ली मुठीत धरली होती. "अशी कशी नेता? मी आता बाई कुठून आणू? आणि माझ्या कुड्या हरवल्यात. पोलिसांना हिचंच नाव सांगू का?"

तुळसा पुढच्या गॅलरीत गेली. डोंगरातल्या वाड्यांत दरीपलीकडच्या माणसाला बोलावायचं तर कुकारा घालतात. लागोपाठ तीन कुकारे म्हणजे हातातलं टाकून धावा. तिनं तोंडाशी हात धरले आणि तीन कुकारे घातले. अख्खी इमारत दणाणली.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक बुद्धरत्न धावत वर आले, मागोमाग चार बाया. बेल थांबेना, तेव्हा दीप्तीला दार उघडावंच लागलं.

"आजींना बरं वाटत नाहीये," ती म्हणाली.

"मी धडधाकट हाय! पोरीला कोंडलीय हिनं!"

"ही?" एक बाई कपाळाला हात लावून म्हणाली. "वर्षभर बघतेय मी हिला. मला वाटलं, मुकी आहे."

बुद्धरत्नांनी तिथंच उभ्यानं मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"तिच्या मर्जीनं राहते ती. विचारा ना तिलाच," दीप्ती म्हणाली आणि अक्षदाकडे रोखून बघत राहिली.

बुद्धरत्न त्या दोघींच्या मधे येऊन वाकले. "बाळा, तुला कुठं जायचंय?"

पोरीनं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. मग दुसरा. जिन्यात पोचल्यावर म्हणाली, "घरी."

"आजीबरोबर ना?"

तुळसानं हात पुढं केला. अक्षदा मागे सरकली.

"आयकडं. हिच्यासंगती नाय. हिला मी सांगितलेलं."

बुद्धरत्नांनी ललिताचा नंबर विचारला. तुळसाला तो पाठ होता, पण तोंडातून एक आकडा फुटेना.

अक्षदानंच सांगितला. दहाच्या दहा आकडे, एका दमात.