कुलूप सरकारचं, तेल माझं

मित्रांनो, मी एक जुना आगीचा बंब आहे. मला इंजिन नाही की भोंगा नाही. चार लाकडी चाकं, एक पितळी टाकी, कापडी नळी आणि दोन्ही बाजूंना हातांनी हलवायचे लांब दांडे, एवढाच माझा संसार. तरीही आज मी छाती फुगवून बोलणार आहे आणि तुम्ही ते निमूट ऐकायचं आहे.

एका वर्षी आमच्या अरुंद गल्लीत लागोपाठ दोन दुकानं जळाली. तेव्हा इथल्या सुतारांनी आणि तांबटांनी मला घडवलं. कोणाचा हुकूम आला नव्हता. दर शनिवारी एका घराची पाळी ठरली. त्या घरानं मला पुसायचं, सांध्यांना तेल द्यायचं. ही पाळी बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे जाई. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण ती चुकवायची कोणाची टाप नव्हती. शेजाऱ्यांना अबोलाही फार दिवस धरता येत नसे, कारण दांडा ओढायला दोघं समोरासमोर लागतातच.

मग नगरपालिकेनं मोठा, चकचकीत बंब आणला. गल्लीच्या टोकाशी नव्यानं राहायला आलेले साहेब कागद घेऊन आले. "आता आग विझवणं आमचं काम. खासगी बंब वापरायला बंदी," ते म्हणाले. माझ्या खोलीला जाळीचं दार बसलं, कुलूप लागलं, वर लाखेचं सील.

खरं सांगू? लोक खूश झाले. "सुटलो एकदाचे!" असं म्हणत घरी गेले. कुलपापेक्षा मला तेच जास्त लागलं.

एकटी सुतारमावशी बधली नाही. तिच्या नवऱ्यानं माझी चाकं घडवली होती. ती दर शनिवारी येई आणि लांब चोचीची तेलाची डबी जाळीतून आत घाली. एकदा साहेबांनी हटकलं.

"मावशी, हा आता सरकारी ताब्यात आहे."

"कुलूप सरकारचं असेल, साहेब. तेल माझं आहे."

अशी दोन वर्षं गेली. एके दुपारी पुस्तकबांधणीच्या दुकानाला आग लागली. कागदच तो, भराभर पेटला. माळ्यावर बांधणीवाल्याचे म्हातारे वडील होते. त्यांना चालता येत नव्हतं. मोठा बंब लगेच आला, पण वळणावर अडकला. त्याची नळी दुकानापर्यंत पोचेना.

"जुना बंब काढा!" कोणीतरी ओरडलं.

"पण परवानगी?" दुसरा म्हणाला.

मावशी हातात पटाशी आणि हातोडा घेऊनच आली. दोन घावांत सील तुटलं, तिसऱ्यात कुलूप. "बघत काय बसलात? आपापली जागा धरा!"

आणि मित्रांनो, सगळ्यांना आपली जागा आठवली! बादल्यांची रांग लागली. माझे सांधे कुरकुरले नाहीत, पाण्याचा फवारा थेट माळ्यावर गेला. मोठ्या बंबावरचे जवानही धावत येऊन दांड्याला लागले. बांधणीवाला ओल्या जिन्यानं वर गेला आणि वडिलांना पाठीवर घेऊन उतरला. त्या क्षणी मला माझं सारं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आपणहून चौकीवर गेली. मलाही पुरावा म्हणून चौकीत नेऊन ठेवलं. खटला उभा राहिला. "सील मीच तोडलं. जाब मीच देईन. शिक्षा द्यायची तर मला द्या, गल्लीला नको," ती न्यायाधीशांना म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "सरकारनं आपलं काम करावंच. पण शेजाऱ्याचा जीव वाचवायचा हक्क सरकारनं दिलेला नाही, म्हणून सरकारला तो काढूनही घेता येणार नाही." मावशी सुटली, बंदी उठली. मला ओढत वाजतगाजत घरी आणलं!

पुढच्या शनिवारी एक गृहस्थ दारात घुटमळत होते. तेच साहेब. हातात तेलाची नवी डबी.

"टोकाच्या घराची पाळी आज आहे ना? कोणाची परवानगी लागेल?"

"बाह्या वर करा," मावशी म्हणाली, "तेवढी पुरे."

मुलांनो, कायदा हवा, न्यायालय हवं, मोठा बंबही हवा. मी त्यांचा वैरी नाही. पण तुमच्या दारातलं काम दुसऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नका. वडीलधाऱ्यांनी तुमच्या हाती दिलेली एखादी पाळी असेलच. येत्या शनिवारी ती चुकवू नका. माझ्या टोकाच्या दांड्याला अजून एक जागा रिकामी आहे.